कारणाचा रकाना

“हळू, श्रीपती! कंद तुटला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल,” मुरूमकर सर वरच्या दगडावरून ओरडले. श्रीपतीने खुरपं बाजूला ठेवलं आणि बोटांनी माती उकरायला सुरुवात केली.

तामलवाडीच्या पलीकडे घाटाच्या पोटाशी जो मुरमाड उतार आहे, त्यावर तो पालथा पडला होता. भाद्रपदाचं ऊन पाठीत शिरत होतं. समोर वीतभर उंचीचं रोप, त्यावर दोन फुलं. फूल तळाशी फुगीर, मध्ये निमुळतं आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली. काळपट जांभळ्या रंगाचा छोटासा कंदीलच. वाडीतल्या बाया त्याला काळी खरपुडी म्हणत. साधी खरपुडी घाटात कुठेही सापडे, ही काळी मात्र फक्त याच उतारावर. या दोन जाती वेगळ्या आहेत हे बायांना आज्या-पणज्यांपासून ठाऊक होतं. शास्त्राला ते १९८२ साली कळत होतं, आणि शास्त्र म्हणजे या घडीला दगडावर बसून थर्मासमधला चहा पिणारे प्राध्यापक मुरूमकर.

लिंबाएवढा कंद मोकळा झाला. श्रीपतीचा हात सवयीने त्याच्या वरच्या टोकाशी गेला.

“सर, वरचा डोळा हितंच पुरू का? फुटतंय परत.”

“कसला डोळा?”

“कंदाचा वरला तुकडा. आमची माय खालचं तेवढं कापून घ्यायची आन् वरलं मातीत दाबायची. पुढल्या साली रोप हजर.”

सर हसले. “अरे, नमुना म्हणजे नमुना. मुळापासून शेंड्यापर्यंत पाहिजे. अर्धा कंद धाडला तर कलकत्त्याच्या संस्थेचे लोक मला वेड्यात काढतील.”

सकाळी दोघांनी मिळून उतारावरची सगळी रोपं मोजली होती. एकच रोप दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून प्रत्येकाजवळ चुन्याचं बोट लावलेला खडा ठेवत गेले. एकेचाळीस भरली. सहा संस्थांना प्रत्येकी तीन नमुने पाठवायचे आणि पाच कंद आपल्या बाटल्यांत ठेवायचे, असं सरांनी ठरवलं होतं. दुपार टळेपर्यंत श्रीपतीने तेवीस रोपं उपटली. तेवीस खड्डे उघडेच राहिले.

मुरूमकर सर तसे वाईट नव्हते. त्या फुलाकडे भिंगातून बघताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले. झाडांवर त्यांची एवढी माया होती की माणसांच्या वाट्याला फारसं काही उरत नसे. परतताना ते श्रीपतीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “जागा तुझ्या आईने दाखवली ना? मग नाव तिचंच द्यायचं. केशरबाईचं लॅटिन करायला कितीसा वेळ लागतो!”

एवढ्यावरून पुढचं सगळं घडलं.

श्रीपती ओव्हाळ तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाचा शिपाई होता. हंगामी शिपाई. दर मे महिन्यात त्याची नोकरी संपायची आणि जूनमध्ये नव्या पत्राने पुन्हा सुरू व्हायची. त्या पत्रांवर आबारावांची सही असे. आबाराव कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आणि सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांच्या मनात आलं की माणूस कायम होई. श्रीपतीच्या बाबतीत ते त्यांच्या मनात काही येत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने आईला सरांचा शब्द सांगितला. केशरबाई भाकरी थापत होती. हात तसाच पिठात ठेवून ती म्हणाली, “पुन्यांदा सांग.”

“तुजं नाव देनार हायती माय, फुलाला. साऱ्या जगात त्या फुलाला तुज्याच नावानं हाका मारनार.”

“माज्या नावाची तर राशनकार्डावरबी खाडाखोड हाय,” ती म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. रात्र व्हायच्या आत वस्तीतल्या प्रत्येक घरात ही बातमी पोचली. ती पोचवायला ती स्वतः गेली होती.

तिला एवढा हर्ष होण्याचं कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा खडी फोडायच्या कामावर गेला आणि उन्हाने तिथेच आडवा झाला तो उठलाच नाही. कामावर मिळणारी सुकडी चार लेकरांना पुरत नव्हती. तेव्हा ती रोज पहाटे या उतारावर जाऊन काळी खरपुडी खणायची, मीठ घालून उकडायची आणि वाटून द्यायची. रोज थोडी, आणि प्रत्येक डोळा परत मातीत पुरून, वर टाचेने दाबून. त्या वर्षी वस्तीतल्या पुष्कळ घरांत लेकरं गेली. तिची चारही जगली. तिच्या अख्ख्या आयुष्यात मिरवावी अशी ही एवढी एकच गोष्ट होती, आणि ती आजवर कुणी विचारलीही नव्हती.

कॉलेजात श्रीपती रोज त्या नमुन्यांच्या घड्या उलगडायचा, ओले झालेले वर्तमानपत्राचे कागद काढून कोरडे घालायचा, पुन्हा फळ्यांमध्ये आवळायचा. एकही पाकळी दुमडली जाऊ दिली नाही त्याने. सरांनी सोलापूरच्या एका पाद्रीबाबांकडून लॅटिन वर्णन तपासून आणलं. पुढे दोन वर्षांनी वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकाचा छापील अंक आला. फुलाचं चित्र सुरेख होतं. वरती आबारावांच्या नावाला लॅटिन शेपूट लावून ते फुलाला दिलेलं होतं.

श्रीपतीने अंक दोनदा उलटापालटा करून पाहिला.

“सर, ते मायचं नाव...”

“अरे हो,” सर चष्मा पुसत म्हणाले. “असं आहे बघ, संस्थेने मायक्रोस्कोप दिला, जीप दिली. त्यांचं काहीतरी करायला नको? पण तुझ्या आईचं नाव मी कागदावर आणणार म्हणजे आणणार. शब्द आहे माझा. आणि तुझं कायमचंही मी आबारावांच्या कानावर घातलंय.”

घरी केशरबाईने विचारलं तेव्हा श्रीपती म्हणाला, “नाव अजून ठरायचंय, माय. इलायतेत वेळ लागतोय.” ती म्हणाली, लागू दे, एवढी वर्षं गेली, आणखी दोन. तिच्या या समंजसपणाचा त्याला राग आला.

१९८६च्या आषाढात पाऊस नव्हता. त्याच सुमाराला वरच्या कुठल्यातरी कार्यालयातून सरांना एक छापील फॉर्म आला. आपल्या भागातली कुठली जात धोक्यात आहे, रोपं किती उरली, आणि कमी होण्याचं कारण काय, ते भरून द्यायचं होतं. सर आणि श्रीपती उतारावर जाऊन मोजून आले. नऊ रोपं होती. चार वर्षांत एकेचाळीसवरून नऊ. उताराचा खालचा अर्धा भाग कारखान्याच्या ऊसरस्त्यासाठी मुरूम काढायला गेला होता, पण तिकडे सरांनी पाठ करून मोजणी केली.

तिथून ते सरळ केशरबाईच्या दारात आले. श्रीपतीने घोंगडी अंथरली. तिने लोटाभर पाणी दिलं आणि पदर सारखा करून, ताठ बसली. प्राध्यापक आपल्याला विचारायला आले आहेत, हे तिला वस्तीतल्या सगळ्यांनी पाहावंसं वाटत होतं, आणि दारात शेजारची चांगुणा आणि दोघीतिघी उभ्या होत्याच.

“केशरबाई, हे कंद तुम्ही खाता?”

“खातो की! आमीच खावं ह्ये. दुसऱ्याला वळखंना.”

“दरवर्षी खणता?”

बहात्तरनंतर केशरबाई त्या उतारावर दोनदाच गेली होती. एकदा लेकीच्या बाळंतपणात, आणि एकदा खुद्द सरांना जागा दाखवायला. श्रीपतीला हे पक्कं ठाऊक होतं.

“दरसाल,” ती म्हणाली. “पाटीभर आनते. पाटी काय, दोन पाट्या म्हना.”

“म्हणजे किती कंद असतील?”

“मोजतंय कोन सायेब? शंभर आसतील. जास्तबी आसतील.”

त्या उतारावर जन्मात कधी शंभर रोपं नव्हती. सर भराभर लिहीत होते. बाई असं का बोलत होती हे सरांच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. आमच्याकडे आल्या माणसाने विद्या विचारली तर ती थोडी वाढवूनच सांगायची असते, जसं पाहुण्यापुढे ताट भरून वाढायचं असतं. कमी सांगितलं तर विचारणाऱ्याचा मान राहत नाही आणि सांगणाऱ्याचाही.

“बरोबर आहे ना, श्रीपती?” सरांनी मान वर न करता विचारलं.

श्रीपतीने आईकडे पाहिलं. दारातल्या बायांसमोर तिचा चेहरा कसा फुलून आला होता. तिला खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं. आणि सकाळीच जीपमध्ये सर म्हणाले होते की तुझी फाईल आबारावांच्या टेबलावर आहे. पुढे त्याने स्वतःला नेहमी पहिलंच कारण सांगितलं.

“व्हय सर,” तो म्हणाला.

“सायेब, माजं नाव लिवलं का?” केशरबाईने विचारलं.

“लिहिलं. केशरबाई मल्हारी ओव्हाळ.”

“वयबी टाका. साठ.”

सरांनी वयही टाकलं. फॉर्मवर ‘ऱ्हासाचे कारण’ असा एक रकाना होता. त्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं की स्थानिक स्त्रिया खाण्यासाठी बेसुमार कंद खणतात, आणि पुरावा म्हणून तिचं नाव, वय आणि शंभराचा आकडा दिला. तेवीस नमुन्यांसाठी फॉर्मवर रकाना नव्हता. त्यांनी सहा संस्थांची नावं लिहिली होती, पण ती ‘संशोधन’ या सदराखाली.

माघात कुंपण आलं. सिमेंटचे खांब, काटेरी तार, लोखंडी फाटक आणि त्याला कुलूप. सरकारी योजनेतून पैसा मिळाला आणि काम कारखान्याच्या माणसांनी केलं. मुरमाची खाण तारेच्या बाहेर ठेवली होती. तारेच्या आत मात्र वस्तीच्या बायांची सरपणाची वाट, शेळ्यांची चरण आणि पाण्याचा एक झिरपा गेला. दुष्काळाचं साल, विहिरी कोरड्या, आणि आता काटक्यांसाठी दोन कोस लांब जायचं. चावडीवर नोटीस लागली. तलाठ्याने ती वाचून दाखवली, आणि त्यात खणणाऱ्या बाईचं नाव होतं.

चांगुणा वाटेत आडवी आली. “आत्याबाई, तुमच्यापायी आमचा माळ गेला बघा.”

“माज्यापायी?” केशरबाई म्हणाली. मग तिचा चेहरा उजळला. “आगं, माज्या नावाचं फूल हाय तितं. म्हनून बंदोबस्त केलाय सरकारनं. चार दिस कळ काढा.”

म्हातारी आपल्याला चिडवते आहे असं चांगुणाला वाटलं. त्या दिवसापासून ती आणि इतर बाया केशरबाईच्या दारावरून जाताना थांबेनाशा झाल्या. ओट्यावर बसलेल्या श्रीपतीने हे सगळं ऐकलं होतं. आज सांगू, उद्या सांगू असं तो आठ दिवस घोकत होता.

नवव्या दिवशी फाटकाच्या उद्घाटनाला मांडव पडला. संस्थेची जीप केशरबाईला न्यायला वस्तीत आली. ड्रायव्हर खाजामियाँ खाली उतरून म्हणाला, “अम्मा, पुढं बसा. आज तुमाला स्टेजवर खुर्ची हाय.” तिने लेकीने दिलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. जीपमध्ये ती जन्मात पहिल्यांदा बसत होती. वस्तीतली माणसं पायी मागून आली.

मांडवात शाळेची पोरं, कारखान्याचे नोकर, आणि मागच्या अंगाला तारेला टेकून उभ्या वस्तीच्या बाया. स्टेजवर मधल्या खुर्चीत आबाराव, बाजूला मुरूमकर सर, आणि टोकाच्या लोखंडी खुर्चीत, पाय जमिनीला जेमतेम टेकवत, केशरबाई. श्रीपती हाराचं तबक घेऊन मागे उभा होता.

सर छान बोलले. अशी जात जगात दुसरीकडे कुठेही नाही, ती आपल्या जिल्ह्याची शान आहे, आणि आबारावांच्या नावाने ती आता अमर झाली, असं म्हणून त्यांनी फाटकावरच्या पाटीचा पडदा ओढायला लावला. टाळ्या पडल्या. केशरबाईनेही वाजवल्या.

“परंतु,” सर म्हणाले, “अज्ञानापायी हीच जात आपण संपवायला निघालो होतो. या केशरबाई. यांनी दरसाल शंभर-शंभर कंद खणल्याचं स्वतः कबूल केलंय. आज त्या सर्वांसमोर शपथ घेणार आहेत की पुन्हा खणणार नाही. त्यांच्या या धैर्याचं मला कौतुक वाटतं.”

पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. केशरबाई गोंधळली. मागे वळून म्हणाली, “शिरपती, काय म्हनत्यात ह्ये?” समोर माईक होता. सगळ्या मांडवाला ते ऐकू गेलं आणि हशा पिकला.

श्रीपती वाकला. “शपथ घ्या म्हनत्यात.”

“ते कळलं. फुलाचं नाव काय म्हनले?”

“आबाराव.”

तिने फाटकावरच्या पाटीकडे बोट केलं. “आन् माजं?”

“कागदात हाय.”

“कशात?”

श्रीपतीने तबकातला हार सारखा केला. “कारणात,” तो म्हणाला. “झाडं कशानं संपली, तितं.”

आबाराव मोकळ्या स्वभावाचे. त्यांना वाटलं बाई बुजली. त्यांनी खिशातून एक लांब लिफाफा काढला आणि माईककडे झुकून म्हणाले, “घाबरू नका बाई. आज आनंदाचा दिवस आहे. तुमच्या श्रीपतीला आपण आज कायम करतोय. तुमची शपथ झाली की लगेच हुकूम देतो त्याच्या हातात. हं, म्हणा.”

केशरबाईने लिफाफ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. श्रीपतीचं हंगामी नोकरीचं तेरावं वर्ष चालू होतं, दोन पोरी होत्या, तिसरं पोटात होतं. त्याने मान खाली घातली. तेवढ्यावरून तिला सगळं समजलं. हा मधलं सारं जाणून होता आणि तरी त्याने आपल्याला हिरवं लुगडं नेसू दिलं, हेही समजलं.

ती उठून माईकजवळ गेली. मागे तारेशी उभ्या बायांकडे बघत बोलली. “म्या खनलं. म्याच संपीवलं. आता खननार न्हाय.”

आबारावांनी स्वतः टाळ्या सुरू केल्या. सरांनी शाईचं पॅड पुढे केलं, प्रतिज्ञेच्या कागदावर तिचा अंगठा उमटवून घेतला. ती हलली नाही. शाईचा अंगठा तसाच हवेत धरून ती आबारावांना म्हणाली, “आता द्या पोराचा कागद.”

ती जीपमध्ये बसली नाही. वस्तीच्या बाया पुढे निघून गेल्या होत्या. ती त्यांच्या मागे शंभर पावलांचं अंतर ठेवून चालत गेली. श्रीपती घरी पोचला तेव्हा ती साधं लुगडं नेसून चुलीपुढे बसली होती. लिफाफा त्याने कोनाड्यात ठेवला.

“सरांनी किती न्हेल्या व्हत्या?” तिने विचारलं.

“तेवीस.”

“एकाचाबी डोळा पुरला न्हाईस?”

“सर नको म्हनले.”

तिने त्याला भाकरी वाढली. स्वतः वाढून घेतली नाही. त्याने रडून घेतलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, पण तेवढी मोकळीक तिने दिली नाही.

सोमवारी श्रीपती कायम शिपाई म्हणून कॉलेजात गेला. हजेरीपटावर त्याचं नाव आता पेन्सिलीने नव्हतं. सर प्रसन्न होते. त्यांनी टेबलावरचा कागद त्याच्याकडे सरकवला. केशरबाईची प्रतिज्ञा, खाली तिचा अंगठा. ठशाच्या मधोमध एक आडवी रेघ कोरी राहिली होती. विळा लागून पडलेला जुना वण होता तो.

“दिल्लीला जोडपत्र म्हणून पाठवायचंय,” सर म्हणाले. “साक्षीदाराची सही पाहिजे, आणि साक्षीदार कायम नोकरीतला असावा असं नियमात आहे. म्हटलं, आता आपला श्रीपतीच आहे की. इथं कर.”

श्रीपतीने पेन घेतलं आणि पहिल्यांदाच पूर्ण सही केली. श्रीपती मल्हारी ओव्हाळ.

“आणि ती खालची ओळ भर,” सर घड्याळाकडे बघत म्हणाले. “लिहून देणाऱ्याशी साक्षीदाराचं नातं काय, ती. नातेवाईक साक्षीदार चालत नाही रे, कागद परत येतो. ‘काही नाही’ असं लिही.”

“सर, वर नाव सारखंच दिसतंय. मल्हारी ओव्हाळ.”

“दिल्लीत कोण बघतंय? तुमच्यात सगळीच ओव्हाळ असतात म्हणेन मी.”

बाहेर तासाची घंटा झाली. पोरं व्हरांड्यातून प्रयोगशाळेकडे यायला लागली. श्रीपतीने कागद सरळ केला, अंगठ्याची शाई पुसू नये म्हणून डावा हात जरा वर उचलून धरला, आणि सावकाश, एकेक अक्षर वळवून लिहिलं: काही नाही.